आडनाव बदललं की पूर्वज हरवतो : फ्रेंच वसाहतींमधली घराणी शोधताना ‘दी’ हा शब्द का महत्त्वाचा असतो?

जॅक केरुअॅक हे नाव इंग्रजी साहित्य वाचणाऱ्यांना माहीत असेल. १९५७ साली त्याची ‘ऑन द रोड’ ही कादंबरी आली आणि तो अमेरिकेत एका रात्रीत प्रसिद्ध झाला. पण जॅक हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हतं. १९२२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावात तो जन्मला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं होतं ज्याँ-लुई. आईवडील क्वेबेकहून आलेले, घरात फ्रेंच बोलली जायची. आपलं घराणं मूळचं फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातलं आणि पूर्वजांचं नाव ‘ल ब्रीस द केरुआक’, असं त्याला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं.

१९६५ साली केरुअॅक हा पूर्वज शोधायला फ्रान्सला गेला. पॅरिसमधल्या ग्रंथालयांत जाऊन आला, ब्रिटनीतल्या ब्रेस्ट शहरात पोहोचला, तिथे ‘ल ब्रीस’ आडनावाच्या एका माणसाला भेटलाही. पण पूर्वजाचा पत्ता काही लागला नाही. या प्रवासावर त्याने १९६६ साली ‘सातोरी इन पॅरिस’ हे छोटं पुस्तक लिहिलं आणि १९६९ साली तो वारला.

कोडं सुटलं ते त्याच्या मृत्यूनंतर साधारण तीस वर्षांनी. ब्रिटनीतल्या संशोधकांनी शोधून काढलं की त्याचा पूर्वज ‘ल ब्रीस’ नव्हताच. त्याचं खरं नाव होतं उर्बां-फ्रांस्वा ल बिहाँ द केर्वोआक, आणि तो उएलगोआत या गावच्या नोटरीचा मुलगा होता. क्वेबेकमध्ये आल्यावर या गड्याने आपलं नाव बदललं. १७३२ साली काप-सँ-इन्यास या गावात त्याचं लग्न झालं आणि तिथे त्याने स्वतःला ‘ल ब्रीस’ म्हणवून घेतलं. १७३६ साली तो वारला. पुढच्या सगळ्या पिढ्या ‘ल ब्रीस’ शोधत राहिल्या आणि ‘ल बिहाँ’ ब्रिटनीच्या वहीत तसाच पडून राहिला.

ही एका घराण्याची गोष्ट आहे, पण फ्रेंच वसाहतींत गेलेल्या हजारो घराण्यांच्या बाबतीत हेच झालंय. तिथे आडनावाचा माग काढत गेलं की माणूस हमखास हरवतो. असं का होतं आणि मग माणूस सापडतो कसा, ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी

१६०८ साली साम्युएल द शाँप्लाँ याने क्वेबेक शहर वसवलं. त्यानंतर १६३४ साली त्रुआ-रिव्हिएर आणि १६४२ साली मॉन्ट्रियल. या सगळ्या मुलखाला म्हणायचे ‘न्यू फ्रान्स’. सुरुवातीला लोक फारच कमी होते. ज्याँ तालाँ या अधिकाऱ्याने १६६६ साली शिरगणती केली, तेव्हा वसाहतीत फक्त ३,२१५ फ्रेंच माणसं भरली.

लोकसंख्या वाढावी म्हणून राजा चौदाव्या लुईने दोन गोष्टी केल्या. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर नावाची पलटण पाठवली. तिच्यातले साधारण चारशे सैनिक मोहीम संपल्यावर तिथेच राहिले. आणि १६६३ ते १६७३ या काळात सरकारी खर्चाने पावणेआठशेच्या आसपास लग्नाच्या मुली पाठवल्या. त्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणतात. आज क्वेबेकमधल्या बहुतेक जुन्या फ्रेंच घराण्यांच्या वंशावळीत यातली एखादी तरी लेक सापडतेच.

म्हणजे मूळ माणसं मोजकी, आणि चर्चमध्ये प्रत्येकाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवलेलं. मग पूर्वज शोधणं सोपं असायला हवं. पण मध्ये आडवं येतं ते नाव.

‘दी’ म्हणजे आपलं ‘उर्फ’

जुन्या नोंदींमध्ये अशी नावं दिसतात : पिएर हुदाँ दी बोल्यो, मिव्हिल दी देशेन, लफेव्ह्र दी बुलांजे. यातल्या ‘दी’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘म्हटला जाणारा’. बाईचं नाव असेल तर ‘दीत’. आपल्याकडच्या ‘उर्फ’सारखंच हे.

फरक एवढाच की आपल्याकडे ‘उर्फ’ बहुतेकदा एका माणसापुरतं असतं. न्यू फ्रान्समध्ये हे ‘उर्फ’ मुलानातवंडांकडे जायचं. कधी दोन्ही नावं सोबत चालायची, कधी मूळ आडनाव गळून जायचं आणि ‘दी’च्या पुढचं नावच आडनाव बनायचं. आज ‘बोल्यो’ किंवा ‘देशेन’ आडनाव लावणाऱ्या कितीतरी लोकांचे पूर्वज हुदाँ आणि मिव्हिल होते.

ही टोपणनावं यायची कुठून?

• सैन्यातून. फ्रेंच पलटणीत भरती झाल्यावर शिपायाला एक टोपणनाव मिळायचं. लाफ्लर म्हणजे फूल, लात्युलिप म्हणजे ट्युलिप, साँसूसी म्हणजे बिनधास्त, जोलिकर म्हणजे दिलखुश, वादबाँकर म्हणजे आनंदाने निघालेला, त्राँशमाँताञ म्हणजे डोंगर कापणारा. शिपाई शेतकरी झाला तरी नाव चिकटलेलंच राहायचं.

• मूळ प्रांतावरून. आंजूहून आलेला तो लांजव्हाँ, पिकार्दीचा तो पिकार, तुरेनचा तो तूरांजो. वंशावळ शोधणाऱ्यांसाठी अशी नावं फार कामाची, कारण पूर्वज फ्रान्सच्या कुठल्या भागातून आला याचा इशारा नावातच असतो.

• जमिनीवरून किंवा धंद्यावरून. नदीकाठी, ओकच्या झाडांजवळ, कुरणापाशी जमीन असेल तर तेच नाव. भट्टी चालवत असेल तर बुलांजे, म्हणजे पाववाला.

• घरातल्याच कुणाच्या नावावरून. कधी वडिलांचं पाळण्यातलं नाव, कधी आईचं माहेरचं आडनाव.

सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो सख्ख्या भावांमुळे. एकाच गावात त्याच आडनावाची चार घरं झाली की ओळखायचं कसं? मग प्रत्येक भाऊ वेगळं ‘दी’ नाव लावायचा. बातिस्काँ इथल्या रिव्हार घराण्याचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. त्या एका कुळातून लाविन्य, लोरांजे, लानूएत, लाकूर्सिएर अशी वेगवेगळी आडनावं निघाली. आज यातल्या दोघांची गाठ पडली तर आपण एकाच भावकीतले आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

मग फ्रान्समध्ये असं का झालं नाही?

टोपणनावं फ्रान्समध्येही होती. पण राज्यक्रांतीच्या काळात, ऑगस्ट १७९४ मध्ये, तिथे कायदा आला. जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरं नाव लावायला कुणालाही बंदी झाली. नावं जागच्या जागी थिजली.

क्वेबेकला मात्र हा कायदा लागूच झाला नाही, कारण १७६३ च्या पॅरिस तहाने हा मुलूख आधीच ब्रिटिशांकडे गेला होता. त्यामुळे ‘दी’ची प्रथा तिथे आणखी शंभरेक वर्षं टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सरकारी कागदांना एकच आडनाव हवं झालं, तेव्हा लोकांनी दोनपैकी एक निवडलं. आणि तिथेही एका भावाने हे ठेवलं, दुसऱ्याने ते.

बायकांचं नाव हीच खरी किल्ली

आपल्याकडे बहुतेक घरांत लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, काही घरांत तर पाळण्यातलं नावही बदलतात. त्यामुळे पणजीचं माहेर कुठलं, हे दोन पिढ्यांत विसरलं जातं.

न्यू फ्रान्सच्या कागदांत उलट आहे. बाई लग्नानंतर गावात नवऱ्याच्या नावाने ओळखली जात असेलही, पण चर्चच्या नोंदीत आणि नोटरीच्या कागदात ती मरेपर्यंत माहेरच्या आडनावानेच लिहिली जाते. मुलाच्या बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं आडनाव. ती विधवा झाली तर ‘अमक्याची विधवा’ अशी ओळख जोडली जाते, पण तिचं स्वतःचं आडनाव जात नाही.

म्हणून जाणकार लोक एका माणसाचा शोध घेतच नाहीत, ते जोडपं शोधतात. नवऱ्याची आडनावं तीन नोंदींत तीन असतील, पण ‘बायको मारी अमुक’ सगळीकडे तीच असेल, तर माणूसही तोच.

क्वेबेकमध्ये ही गोष्ट आता कायद्यातच आहे. एप्रिल १९८१ पासून तिथे लग्नानंतरही नवरा-बायको दोघांनी आपापलं जन्मनावच वापरायचं असतं.

सगळेच जोसेफ, सगळ्याच मारी

आडनावाचं कोडं सुटलं की पाळण्यातल्या नावाचं सुरू होतं. कॅथलिक फ्रेंच कॅनेडियन घरांत हळूहळू अशी रीत पडली की मुलाच्या नावाआधी ‘जोसेफ’ आणि मुलीच्या नावाआधी ‘मारी’ लावायचं. त्यानंतर बहुतेकदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि हाक मारायचं नाव सगळ्यात शेवटी.

कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांचंच पाहा. त्यांचं पूर्ण नाव होतं जोसेफ फिलिप पिएर इव्ह एलियट ट्रुडो. त्यांना कुणी जोसेफ म्हणून हाक मारत नव्हतं. त्यांचा पूर्वज एतिएन त्रुतो हा सुतार १६५९ साली ला रोशेलहून मॉन्ट्रियलला आला. ‘त्रुतो’चं ‘ट्रुडो’ होणं हाही याच कोड्याचा भाग. लिहिणारा पाद्री कानाला जे ऐकू येईल ते लिहायचा, आणि बहुतेकांना आपलं नाव वाचताही यायचं नाही.

आणखी एक रीत माहीत असावी लागते. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. म्हणजे एकाच जोडप्याला १७०१ साली एक पिएर आणि १७०४ साली दुसरा पिएर झालेला दिसला, तर ती लिहिणाऱ्याची चूक नसते. पहिल्याची दफनाची नोंद शोधावी लागते. ती न शोधता पहिल्या पिएरला पूर्वज मानलं की पुढची अख्खी वंशावळ चुकते.

सीमा ओलांडली की नाव पुन्हा बदलतं

१८४० ते १९३० या काळात साधारण नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन लोक कामासाठी अमेरिकेत गेले. त्यातले बरेच न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत लागले. केरुअॅकचं लोवेल हे त्यातलंच एक गाव.

तिथे काही नावांचं सरळ भाषांतर झालं. लब्लाँचा व्हाइट झाला, रुआचा किंग, लेव्हेकचा बिशप, ब्वाव्हेरचा ग्रीनवुड. काही नावं इंग्रजी कानांनी ऐकून लिहिली गेली. आर्शांबोचं शँबो झालं, बनवाचं बेनवे.

उलटा प्रवासही झालाय. १७०४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रोटनमधून मॅथायस फार्न्सवर्थ नावाच्या मुलाला पकडून कॅनडात नेलं गेलं. तो तिथेच राहिला, कॅथलिक झाला, त्याने लग्न केलं. फ्रेंच जिभेवर त्याच्या आडनावाचं ‘फानेफ’ झालं. आज हे आडनाव पक्कं क्वेबेकी समजलं जातं, पण त्याचं मूळ इंग्रजी आहे.

अकेडियाची गोष्ट : जेव्हा वह्याच राहत नाहीत

आजच्या नोव्हा स्कोशिया भागात अकेडिया ही वेगळी फ्रेंच वसाहत होती. तिथे मोजकीच आडनावं असल्यामुळे लोक बाप-आजाची नावं जोडून ओळख सांगायचे, म्हणजे ‘पॉलच्या ज्याँचा पिएर’. गावाकडे आजही ‘रामाच्या गणपाचा पोरगा’ म्हणतात, तसंच.

१७५५ पासून ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना घराबाहेर काढायला सुरुवात केली. दहा हजारांहून जास्त माणसं जहाजांत घालून इतरत्र पाठवली गेली, कुटुंबं फुटली, गावं जाळली गेली. चर्चच्या कितीतरी वह्या कायमच्या गेल्या. पण ग्रां-प्रे गावच्या लोकांनी आपल्या वह्या सोबत नेल्या. त्यातल्या काही आज लुइझियानातल्या बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत.

निर्वासितांपैकी ७८ कुटुंबं शेवटी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर वसली. १७६७ साली तिथे एक वेगळंच काम झालं. कुटुंबप्रमुखांना बसवून आई-बाप, आजे-पणजे, जन्म, लग्न असं सगळं आठवणीतून सांगायला लावलं आणि ते लिहून घेतलं. हरवलेल्या वह्यांच्या जागी आज अभ्यासक याच जबान्या वापरतात.

ज्यांना नाव निवडताच आलं नाही

फ्रेंच वसाहतीतले पूर्वज म्हणजे फक्त गोरे वसाहतकार नव्हेत. मार्टिनिक, ग्वादलूप, रियुनियन या बेटांवर ऊसमळे होते आणि मळ्यांवर गुलाम होते. १६८५ च्या ‘कोद नुआर’ या कायद्यानुसार गुलाम बाईचं मूल आईच्या मालकाचं होत असे. बापाचं नाव बहुतेकदा कागदावर येतच नसे. आणि गुलामाला आडनाव नसे, फक्त एक नाव, पुढे त्याला जोडून एक क्रमांक.

जे गुलामीतून सुटले त्यांच्यावरही बंधनं होती. सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती, इथे १७७३ साली नियम आला की मुक्त कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांची आडनावं लावायची नाहीत.

१८४८ साली फ्रान्सने गुलामगिरी संपवली. एकट्या रियुनियन बेटावर २० डिसेंबरला साधारण ६२ हजार माणसं मुक्त झाली. प्रत्येकाला आता आडनाव हवं होतं, आणि ते अधिकाऱ्याने खास वहीत नोंदवायचं होतं. अधिकाऱ्यांनी कधी अक्षरं उलटसुलट केली, कधी रोमन-ग्रीक इतिहासातली नावं उचलली, कधी झाडाफुलांची. आज त्या बेटांवरच्या बहुतेक कुटुंबांची वंशावळ मागे जात जात याच वह्यांपाशी येते. त्यामागे जायचं तर जुना क्रमांक, आईचं नाव आणि मालकाचे विक्रीचे व वारसाचे कागद एवढाच आधार उरतो.

भारतातही असं घडलंय

पुदुच्चेरी १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होतं. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमाने तिथल्या भारतीयांना मुभा मिळाली की आपला धर्म-जातीचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारता येईल. अट अशी की कायमचं आडनाव नोंदवायचं. दक्षिणेत तेव्हा वडिलांचं नाव लावायची पद्धत होती, आडनाव असं नव्हतंच. त्यामुळे काहींनी फ्रेंच नावंच आडनाव म्हणून घेतली. म्हणून एखाद्या पुदुच्चेरीकराचं आडनाव फ्रेंच दिसलं तरी त्याचा पूर्वज फ्रान्सचाच असेल असं नाही.

प्रत्यक्षात शोध कसा घेतात?

क्वेबेकपुरतं बोलायचं तर रस्ता साधारण असा आहे.

१. घरापासून सुरुवात. आजी-आजोबांची लग्नाची तारीख, गाव, चर्च, सगळी ‘उर्फ’ नावं लिहून घ्यायची. घरातल्या माणसांच्या आठवणी आधी, कागद नंतर.

२. लग्नाची नोंद पकडायची. फ्रेंच पद्धतीत लग्नाच्या नोंदीत साधारणपणे वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात. म्हणजे एका नोंदीत थेट एक पिढी मागे जाता येतं.

३. दुसरी प्रत शोधायची. १६६७ च्या शाही हुकुमानुसार चर्चने वहीच्या दोन प्रती ठेवायच्या होत्या, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात. एक जळली तर दुसरी वाचायची. त्याआधी १६४० साली क्वेबेकचं चर्च जळालं, तेव्हा वह्याही गेल्या. पाद्रींनी त्या नोंदी आठवणीतून पुन्हा लिहून काढल्या.

४. नोटरीचे कागद पाहायचे. लग्नाआधीचा करार, जमिनीची खरेदी, मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची यादी हे सगळं नोटरीकडे व्हायचं. चर्चच्या वहीत नसलेलं मूळ गाव पुष्कळदा इथे सापडतं.

५. तयार साधनं वापरायची. सिप्रियाँ तांगे या पाद्रीने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळकोश काढला. त्यात चुका आहेत, पण सुरुवातीला तो उपयोगी पडतो. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ पासून चाललेल्या प्रकल्पाने १६२१ ते १८४९ च्या नोंदी एकमेकींना जोडल्या आहेत. तिथे एक आडनाव टाकलं की त्याची ‘दी’ नावंही समोर येतात.

६. मगच फ्रान्सकडे वळायचं. फ्रान्समधल्या बहुतेक जिल्हा अभिलेखागारांनी चर्चच्या वह्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. पण मूळ गाव कळल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही. वसाहतींचे कागद एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यातलं बरंच घरबसल्या पाहता येतं.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत नाव शोधायला गेलं की पुरोहित आधी गाव विचारतात. इथेही तसंच आहे. आडनावापेक्षा गाव पक्कं माहीत असणं जास्त मोलाचं.

दोन गैरसमज

पहिला, नावात ‘द’ असलं की घराणं सरदारांचं. असं काही नाही. ‘द’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘हून’, आणि पुष्कळदा तो फक्त गावाचा किंवा जमिनीचा उल्लेख असतो. आडनावावरून राजचिन्ह विकणाऱ्या वेबसाइट्स याच गैरसमजावर चालतात.

दुसरा, आडनाव एक म्हणजे कूळ एक. लाफ्लर हे टोपणनाव अनेक पलटणींतल्या अनेक शिपायांना मिळालं होतं. आज दोन लाफ्लर कुटुंबं शेजारी राहत असतील तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो. तिकडे लोरांजे आणि लानूएत मात्र एकाच कुळातले निघतात.

केरुअॅकच्या पूर्वजाने नाव बदललं, पण आपला मुलूख ब्रिटनी आणि नावातलं ‘केरुआक’ हे त्याने सोडलं नाही. क्वेबेकच्या वह्यांत त्याचं पुढे किरुआक, केरुआक असं काहीबाही होत गेलं. मॉन्ट्रियलचं प्रसिद्ध वनस्पती उद्यान उभं करणारे ब्रदर मारी-व्हिक्तोराँ हेही याच कुळातले, जन्माचं नाव काँराद किरुआक. शेवटी कोडं सुटलं ते ‘ल ब्रीस’ बाजूला ठेवून नावाच्या या दुसऱ्या भागाचा माग काढल्यावर. तो माग उएलगोआतच्या नोटरीच्या घरापर्यंत गेला, आणि त्या घरातला एक मुलगा कॅनडाला गेलेला निघाला.